नवीन काय आलंय?

मराठी माणूस लायब्ररीत पुस्तक आणायला जात नाही, 'बदलायला' जातो. "कुठे निघालात?" "पुस्तक बदलून येतो." दुधाची पिशवी गळकी निघाली तर बदलून आणावी, चप्पल एक नंबर लहान पडली तर बदलून आणावी, त्याच चालीवर. आधी नेलेल्या पुस्तकात काहीतरी खोट होती, हे त्या क्रियापदातच गृहीत धरलेले असते. आणि खिडकीशी पोचल्यावर, कापडी पिशवीतून जुने पुस्तक काढता काढता तो जो प्रश्न विचारतो तो ठरलेला असतो : "नवीन काय आलंय?"

मी आमच्या गावच्या ग्रंथालयाच्या ग्रंथनिवड समितीवर आहे. तिथे माझे नाव कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. वार्षिक सभेत चहा येईपर्यंत बसून राहिलेल्या माणसाचे जे होते तेच माझे झाले. पण त्यामुळे शनिवारी संध्याकाळी खिडकीच्या आतल्या बाजूला बसण्याचा अधिकार मिळाला, आणि हा प्रश्न किती फसवा आहे ते कळले. 'नवीन' या शब्दाचा अर्थ माणसागणिक बदलतो. एका काकूंच्या लेखी नवीन म्हणजे समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंनी अजून न वाचलेले. एका आजोबांच्या लेखी नवीन म्हणजे ज्याचे अजून बाइंडिंग झालेले नाही असे. दुपारी वाचता वाचता डोळा लागला की बाइंडिंगचा पुठ्ठा नाकावर आदळतो अशी त्यांची लेखी तक्रार आहे. तिसरे एक निवृत्त गृहस्थ नवीन म्हणजे स्वतः न वाचलेले असे समजतात. हे तर्काला धरून आहे. अडचण एवढीच की काय वाचले ते त्यांना आठवत नाही. म्हणून वाचून झालेल्या प्रत्येक पुस्तकाच्या 51 व्या पानावर ते पेन्सिलीने एक बारीक फूल काढून ठेवतात. पुस्तक हातात दिले की आधी एकावन्नावे पान. फूल दिसले की, "हे झालंय." त्यांचे फूल, कुणा काकूंचे स्वस्तिक आणि आणखी कोणाची तरी उलटी सही, अशा तिन्ही खुणा ज्या पुस्तकात सापडतील ते पुस्तक लोकप्रिय समजावे. आमच्या समीक्षकांनी हा निकष अजून वापरून पाहिलेला नाही.

आणि सगळ्यांत मोठा वर्ग म्हणजे, "नवीन द्या, पण 'मृत्युंजय'सारखं" असे म्हणणाऱ्यांचा. म्हणजे सून नवी हवी, पण हुबेहूब सासूसारखी. 'मृत्युंजय' आली 1967 साली. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाही त्याच वर्षीचा. कायद्याने ग्रंथालये उघडली आणि कर्णाने ती भरली, असे म्हणायला हरकत नाही. 'स्वामी' त्याच्याही आधीची, 1962 ची. या पुस्तकांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. आमच्याकडे 'स्वामी'ची चौथी प्रत चालू आहे, पहिल्या तीन वाचून वाचून अक्षरशः संपल्या. पण त्यांच्या शेजारच्या कपाटात, 'नवीन पुस्तके' असा पुठ्ठा लावलेल्या फळीवर, जी मंडळी उभी असतात त्यांच्याकडे पाहून पोटात कालवते. तारखेची चिठ्ठी कोरी. शिक्का एकच, दाखल केल्याचा. दोन वर्षे ते पुस्तक नवीन म्हणून उभे राहते, मग त्याला मागच्या खोलीत हलवतात, कारण पुढे नवी 'नवीन' यायची असतात. नवीनपणा संपला आणि वाचक तर मिळालाच नाही.

हे नुसते एका गावचे दुखणे नाही. मराठी कथा-कादंबरीची आवृत्ती बहुधा हजार प्रतींची, हल्ली त्याहूनही कमी. आणि राज्यात अनुदान घेणारी ग्रंथालये अकरा-बारा हजार. पहिलीच्या पोरानेही करावे असे हे गणित आहे : प्रत्येक ग्रंथालयाने सोडा, दर दहातल्या एकाने एक प्रत घेतली तरी आवृत्ती संपावी. ती संपत नाही. संपली तरी फळीवर संपते. घरी पुस्तके विकत घेणारा वाचक कमी झाला, मध्यमवर्गाच्या ब्लॉकात टीव्ही 55 इंचांचा झाला तशी शेल्फाची जागा गेली. तेव्हा नव्या लेखकाचा खरा वाचक असलाच तर तो या खिडकीसमोर पिशवी घेऊन उभा असतो. त्याला काय सांगायचे, हा प्रश्न मला फार गंभीर वाटतो.

सांगणारे पुष्कळ आहेत. पहिले सांगणारे मलपृष्ठ. पुस्तकाच्या पाठीवर छापलेला मजकूर वाचकाला पुस्तक घ्यायला लावण्यासाठी असतो अशी माझी समजूत होती, पण बहुतेक मजकूर तो वाचकाला दूर ठेवण्याच्या हेतूनेच लिहिलेला वाटतो. 'समकालीन व्यामिश्र वास्तवाचा बहुपेडी वेध.' हा मजकूर कोणत्याही कादंबरीच्या पाठीवर चिकटवा, चालतो. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पाठीवरही चालेल. 'वाचकाला अंतर्बाह्य अस्वस्थ करणारी कलाकृती.' हे वाचून एका काकूंनी पुस्तक परत खिडकीवर ठेवले. म्हणाल्या, "अस्वस्थ व्हायला पुस्तक कशाला हवं हो? त्यासाठी दर रविवारी अमेरिकेहून मुलाचा फोन येतोच की." वृत्तपत्रांतली परीक्षणे याच कुळातली. त्यांतून लेखकाचे परंपरेशी असलेले नाते कळते, परंपरेचे लेखकाशी असलेले नाते कळते, पण कादंबरीत माणसे किती आणि ती पोटासाठी काय करतात याचा पत्ता लागत नाही.

दुसरे सांगणारे पुरस्कार. साहित्य अकादमीचे नाव जाहीर झाले की त्या आठवड्यात "ते बक्षीसवालं आलं का?" अशी विचारणा होते. येते ते. पुरस्कार मिळाल्यावर आमच्याकडेही येते. मग दहा-बारा जण नेतात आणि चौथ्या दिवशी आणून देतात. सतराव्या-अठराव्या पानात एस.टी.चे तिकीट किंवा गोळ्यांची रिकामी पट्टी. तिथवर जाऊन वाचक परत फिरलेला असतो. पुरस्काराने पुस्तक घरी जाते खरे, पण वाचकाच्या खुर्चीपर्यंत जात नाही. याला अपवाद पाहिला तो नंदा खरे यांच्या 'उद्या'चा. 2020 सालचा अकादमी पुरस्कार त्या कादंबरीला जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो घेतला नाही. पुरस्कार घेणे त्यांनी आधीच काही वर्षांपासून थांबवले होते. ही बातमी आल्यावर आमच्याकडे 'उद्या'ला तीन महिने रांग होती. बक्षीस नाकारतो म्हणजे माणसाच्या पुस्तकात काहीतरी असणार, असा मराठी माणसाचा अंदाज. या वेळी तो बरोबर निघाला.

आणि तिसरे सांगणारे म्हणजे फळी. पुस्तक कोणत्या फळीवर लागले यावर त्याचे नशीब ठरते. ज्यांनी आमच्याकडे ही कामगिरी केली त्या सद्गृहस्थांचे नाव मी सांगणार नाही. ते पुस्तके नावावरून लावत. किरण गुरवांची 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' बालविभागात, चांदोबाच्या बाइंडिंगला टेकून उभी होती. जयंत पवारांचे 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' पक्षिनिरीक्षणात. प्रवीण बांदेकरांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' धार्मिक विभागात, आणि तिथून ती कोणी नेईना, कारण उजव्या सोंडेचे काहीही घरात आणायचे तर सोवळे कडक पाळावे लागते ही धास्ती. अवधूत डोंगरे यांची 'स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट' व्यक्तिमत्त्व विकासाच्या फळीवर, 'यशस्वी व्हा' आणि 'आत्मविश्वास वाढवा' यांच्या मधोमध. गंमत अशी की या चारांत त्या वर्षी सर्वांत जास्त वाचली गेली ती हीच. एका तरुणाने ती दोनदा नेली. म्हणाला, "बाकीच्या पुस्तकांनी जास्त टेन्शन येत होतं." मी ती तिथेच राहू दिली आहे.

रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांतला दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक. आणि तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. म्हणजे ग्रंथपालाने मुळात लग्ने जुळवायची आहेत. आता स्थळ सांगायला आलेला माणूस काय सांगतो? मुलगा व्यामिश्र आहे असे सांगत नाही. काय करतो, कुठे राहतो, घरात कोण कोण, हे सांगतो. नवे पुस्तक सांगायचे तर असेच सांगावे, या मताला मी शनिवारच्या अनुभवाने आलो आहे. 'शाळा' या मिलिंद बोकिलांच्या 2004 च्या कादंबरीची शिफारस कोणाला करावी लागली नाही. "नववीतल्या मुलाची गोष्ट आहे, आणीबाणीच्या काळातली," एवढे सांगितले की समोरचा स्वतःच्या नववीत जाऊन उभा. पुस्तकाची वाङ्मयीन योग्यता त्यामुळे उणावली असे कोणी सिद्ध केलेले माझ्या वाचनात नाही.

कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'चे उदाहरण घ्या. 2023 चा अकादमी पुरस्कार. आमची प्रत आठ महिने उभीच होती. तिच्याबद्दल 'विस्थापितांचे मुळांपासून तुटलेपण' वगैरे बोलले जायचे, आणि ते खोटेही नाही. पण एका शनिवारी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. ऐतिहासिक सोडून काही न वाचणारे. "नवीन काय आलंय?" मी म्हटले, "धरण होतं, गाव उठतं. माणसं नवीन जागी जातात, जनावरं मागे राहतात. त्यातली एक म्हैस आणायला एक जण परत जातो. पण ती आता रानटी झालीय. ती त्याला ओळख देत नाही."

ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "द्या."

एरवी आठवड्याने येणारा माणूस तीन आठवडे आला नाही. आला तेव्हा दंडाचे पैसे आधी खिडकीवर ठेवले. "पहिली वीस-पंचवीस पानं जड गेली. मग बायकोला मोठ्याने वाचून दाखवली, मग लागली." आणि थोड्या वेळाने, पुस्तकाकडे न पाहता, "आम्ही पंचनामे केले ना, तेव्हा घरं मोजली. झाडं मोजली, विहिरी मोजल्या. आंबा वेगळा, जांभूळ वेगळं. असं मागे काय राहतं ते मोजायचा कॉलमच नव्हता." यापेक्षा चांगले परीक्षण या कादंबरीवर मी वाचलेले नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर माणूस आणि म्हैस समोरासमोर येतात तिथून ही कादंबरी जो वेग घेते तो भल्याभल्या रहस्यकथांना साधत नाही. पण तिथवर पोचायला बोलीच्या दाट रानातून वाट काढावी लागते, हे वाचकाला आधी सांगितले पाहिजे. लपवून ठेवले तर तो सतराव्या पानात एस.टी.चे तिकीट ठेवून परत येणार.

बोली कळत नाही ही तक्रार मात्र मी आता ऐकून घेत नाही. ज्या काकू "ती गावाकडची भाषा नको बाई" म्हणतात, त्याच काकू दर चातुर्मासात ज्ञानेश्वरी लावतात. सातशे वर्षांपूर्वीची मराठी चालते आणि दोनशे किलोमीटरवरची चालत नाही, हे काही खरे नव्हे. मी हे बोलून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, तिचा अर्थ खाली दिलेला असतो." याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

देविदास सौदागर यांची 'उसवण' मी त्यांनाच दिली. 2024 चा अकादमीचा युवा पुरस्कार मिळालेली ही लहानशी कादंबरी. लेखकाने स्वतः शिवणकाम करून पोट भरलेले आहे. मी पुरस्काराचे नाव काढले नाही. म्हटले, "शिंप्याची गोष्ट आहे. रेडीमेड कपडे आल्यावर त्याच्या मशीनचं काय झालं त्याची." काकूंच्या घरी उषा मशीन आहे, त्यावर आता टेबलक्लॉथ आणि टीव्हीचे रिमोट असतात. तीन दिवसांत वाचून आल्या आणि मला विचारू लागल्या, आपल्या चौकातला तो टेलर हल्ली दिसत नाही, कुठे गेला असेल? आता ही कादंबरी काही निर्दोष नाही. दुःख आपोआप दिसत असताना लेखक मधूनच आपला हात धरून ते दाखवायला लागतो. पण कात्री, माप, उधारी, सणाच्या आधीची घाई यांबद्दल लिहिताना त्याला कोणाला विचारायला जावे लागलेले नाही, आणि ते पानापानाला जाणवते. 'कष्टकऱ्यांच्या शोषणाचे विदारक चित्रण' म्हणून हे पुस्तक पुढे केले असते तर काकूंनी हात लावला नसता. त्यांना शोषण नको होते असे नाही. त्यांना शिंपी हवा होता.

कथासंग्रहांचे दुखणे वेगळे. "कथा नको, सलग द्या," हे खिडकीवरचे दुसरे ब्रीदवाक्य. कारण विचारले तर एका बाईंनी फार चांगले सांगितले : "एक गोष्ट संपली की पुन्हा सगळ्यांच्या नव्याने ओळखी करून घ्यायच्या. लग्नाच्या हॉलमध्ये चुकीच्या दारातून शिरल्यासारखं होतं." पण मराठीतले गेल्या वीस वर्षांतले बरेच मोलाचे काम दीर्घकथेत झालेले आहे, आणि ते नेमके या सलगपणाच्या हट्टात मागच्या खोलीत जाते. जयंत पवार 2021 साली गेले. त्यांच्या कथा गिरणगावातल्या माणसांच्या; लोअर परळची फिनिक्स मिल कुठे होती आणि तिथे आता कसले मॉल आहे हे ज्याला माहीत आहे त्याला त्या संग्रहाचे नाव वाचूनच पुढचे ऐकावेसे वाटेल. आसाराम लोमटे यांचा 'आलोक' मराठवाड्यातल्या गावांतला, तिथे राजकारण चुलीपर्यंत कसे येते ते दाखवणारा. गुरवांच्या कथांत गावाकडून शहरात आलेल्या माणसाची घालमेल आहे, पण तिला एक मिश्कील कड आहे, आणि विनोदी वाचणाऱ्याला ती बेधडक द्यावी. मी आता संग्रह देताना संग्रह म्हणतच नाही. "यातली एकच वाचून परत करा," म्हणतो. एक वाचून कोणी परत करत नाही. शेंगदाण्यासारखे आहे ते.

सगळेच नवे चांगले असते असे मात्र मी म्हणणार नाही. नव्या साहित्याचा कैवार घेणारे लोक हे सांगायला विसरतात, म्हणून त्यांच्यावर विश्वास बसत नाही. दीडशे पानांना तीनशे रुपये, मुद्रितशोधन रामभरोसे, आणि वाक्य कुठे संपते ते लेखकालाही न कळलेले, अशी पुस्तके दर खरेदीत येतात. काहींत वास्तव इतके भीषण असते की शंभराव्या पानापर्यंत सगळी पात्रे मरतात आणि पुढची ऐंशी पाने लेखक एकटाच बोलत बसतो. अशा वेळी "हे नको, आठवडा फुकट जाईल," असे सरळ सांगता आले पाहिजे. जो ग्रंथपाल कधी 'नको' म्हणत नाही त्याच्या 'घ्या'ला किंमत नसते. आमच्या बाईंनी एकदा माझ्याच ओळखीच्या एका कवीचा संग्रह वाचकाच्या हातून काढून घेतला. तेव्हापासून लोक त्यांचे ऐकतात.

गेल्या वर्षापासून खिडकीवर आम्ही एक शंभर पानी वही ठेवली आहे. पुस्तक परत करणाऱ्याने पुढच्यासाठी एक ओळ लिहायची. सही नाही, तारे नाहीत, 'उत्तम' आणि 'वाचनीय' या शब्दांना बंदी. पहिले दोन महिने वहीत फक्त पंख्याबद्दल तक्रारी आल्या. मग हळूहळू लिहू लागले. 'उद्या'खाली कोणी लिहिले आहे : "पुढच्या काळातलं आहे म्हणून नेलं. नजर ठेवणं वगैरे सगळं मुलाच्या कंपनीत चालूच आहे म्हणे." 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' आम्ही धार्मिक विभागातून हलवली, तिच्याखाली : "कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारा माणूस सांगतोय. रात्री वाचू नये. दोरी कोणाच्या हातात आहे ते बघत बसावं लागतं." आणि 'रिंगाण'खाली, पाटबंधारेवाल्यांच्या वळणदार अक्षरात, फक्त एवढेच : "मोठ्याने वाचावी."

त्या ओळीचा परिणाम असा झाला की 'रिंगाण'साठी आता नंबर लावावा लागतो. सहा नावे आहेत, त्यांत दोन जोडपी. म्हणून परवाच्या समितीच्या सभेत मी दुसरी प्रत घेण्याचा ठराव मांडला. कोषाध्यक्षांनी चष्मा कपाळावर घेतला.

"आहे ना एक?"

"आहे. पण ती घरी नाही, लोकांकडेच असते."

"अहो, मग ते चांगलंच झालं की. एकच पुस्तक दोनदा कशाला घ्यायचं? तेवढ्यात दुसरं एखादं नवीन येईल."

'स्वामी'च्या चौथ्या प्रतीचे बिल त्यांनीच मंजूर केले होते याची मी आठवण करून दिली. ते म्हणाले, ती गोष्ट वेगळी, ते पुस्तक लोक वाचतात. मी वही उघडून सहा नावे दाखवली. त्यांनी ती एकेक करून वाचली, तिसऱ्या नावापाशी थांबले, कारण ते त्यांच्या पत्नीचे होते. ठराव पुढच्या सभेपर्यंत राखून ठेवला आहे.